अखंड जागल

डायलिसिसच्या रुग्णाच्या शरीरात धुमसणारा दाह आणि थकलेल्या राखणदार पेशी

लातूर असो की नांदेड, डायलिसिसची पहिली पाळी भल्या सकाळी लागते. कुणी पहाटेच्या एसटीने अहमदपूरहून आलेलं असतं, कुणी मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून लोह्याहून. आल्या आल्या वजनकाट्यावर उभं राहायचं. टेक्निशियन विचारतो, "कितीनं वाढलं?" "अडीच." म्हणजे गेल्या खेपेपासून अडीच किलो पाणी अंगात साचलंय, ते आज काढायचं. मग आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं. त्या बाकावर कधी कान देऊन बसलात, तर तीन तक्रारी हमखास ऐकू येतील.

"ताप नाही, खोकला नाही, कुठं गळू नाही. मग सीआरपी कशाचा वाढला म्हणायचा?"

"रक्तवाढीचं इंजेक्शन चुकवत नाही, पण हिमोग्लोबिन आठाच्या वर सरकंना."

"काविळीच्या लशीचे सगळ्यांना तीन डोस, मला चार. अन् तेही दुप्पट. असं का?"

तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटतात. पण त्यांच्या बुडाशी गोष्ट एकच आहे, आणि ती समजून घ्यायला मराठवाड्यातल्या माणसाला शेतापेक्षा लांब जायला नको.

ज्वारी हुरड्यात आली की रानात जागल सुरू होते. माळ्यावर बसून रात्रभर डबा वाजवायचा, गोफण फिरवायची, रानडुकरं हाकलायची. चार-आठ रात्री गडी चोख राखण करतो. पण तीच जागल त्याला वर्षभर, एकही रात्र न चुकता करायला लावली तर? वाऱ्याने धाटं सळसळली तरी तो दचकून धोंडा भिरकावेल आणि आपल्याच पिकाची कणसं पाडेल. आणि ज्या पहाटे खरंच डुकरांचा कळप आत शिरेल, त्या पहाटे नेमका त्याचा डोळा लागलेला असेल.

डायलिसिसवरच्या माणसाच्या रोगप्रतिकारक पेशींची गत हीच असते. त्या सतत जाग्या असतात, म्हणून अंगात दाह धुमसतो. आणि सतत जाग्या असतात म्हणूनच थकतात, त्यामुळे खरा जंतू आला की कमी पडतात.

काटा मोडतो तेव्हा

आधी दाह म्हणजे काय ते पाहू. बाभळीचा काटा पायात मोडला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. काट्याबरोबर आत शिरलेल्या जंतूंवर तुमच्या पांढऱ्या पेशी तुटून पडलेल्या असतात. त्या पेशी मदतीसाठी रक्तातून निरोप धाडतात. हे निरोप म्हणजे बारीक प्रथिनं असतात. त्यातल्या एकाचं नाव आयएल-६. हा निरोप यकृतात पोचला की यकृत दुसरं एक प्रथिन भराभर बनवू लागतं, ते म्हणजे सीआरपी. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. न्यूमोनियाच्या जिवाणूच्या भिंतीतल्या 'सी' नावाच्या घटकाला ते चिकटतं, म्हणून त्याचं असं नाव पडलं. जंतूला खूण करून ठेवायची, म्हणजे राखणदार पेशींना तो सापडतो, हे त्याचं एक काम.

धडधाकट माणसात सीआरपी साधारणपणे लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आत असतो. न्यूमोनियासारखा मोठा संसर्ग झाला तर तो शंभराच्याही पुढे जातो आणि संसर्ग आटोपला की काही दिवसांत खाली येतो. हा झाला तात्पुरता दाह. तो हवाच, कारण तो नसेल तर साधा काटाही जिवावर बेतेल.

डायलिसिसच्या पुष्कळ रुग्णांत चित्र वेगळं दिसतं. सीआरपी शंभरावर जात नाही, पण पाचाच्या खालीही येत नाही. महिनोन् महिने तो आठ, बारा, पंधरा असा रेंगाळत राहतो. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत डायलिसिसवरच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांमध्ये तो असा वाढलेला आढळला आहे. पेटलेली गंजी लांबूनही दिसते. राखेखालचा विस्तव मात्र हात घातल्याशिवाय कळत नाही. हा दाह दुसऱ्या प्रकारचा. त्याला जुनाट दाह म्हणतात.

१६८ तास आणि आठ तास

हा विस्तव पेटतो कशाने? पहिलं कारण खुद्द किडनीचं काम थांबणं. निरोगी किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि आठवड्याचे १६८ तास हे काम चालू असतं. आपल्याकडे पुष्कळ रुग्णांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, चार-चार तास होतं, म्हणजे आठ तास. तीनदा झालं तर बारा. उरलेला सगळा वेळ रक्तात कचरा साठत जातो.

शिवाय मशीनला सगळाच कचरा काढता येत नाही. युरियासारखे बारीक रेणू चाळणीतून पीठ पडावं तसे सहज निघून जातात. आयएल-६ सारखी निरोप्या प्रथिनं मात्र आकाराने मोठी असतात. निरोगी किडनी त्यांची विल्हेवाट लावते, पण साध्या डायलिसिसच्या चाळणीतून ती नीट जात नाहीत. म्हणजे निरोप पोचल्यानंतरही हाकाटी चालूच राहते. तिसऱ्या जातीचा कचरा आणखी चिवट असतो. हे विषारी रेणू बारीक असले तरी अल्ब्युमिन नावाच्या मोठ्या प्रथिनाला चिकटून राहतात. जत्रेच्या गर्दीत बापाचं बोट धरून चालणाऱ्या पोरासारखे. बाप चाळणीतून जात नाही, म्हणून पोरही जात नाही.

गोठ्यातला वास आणि आतड्याची भिंत

हे चिवट रेणू तयार होतात आपल्याच आतड्यात. इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट ही त्यातली दोन मुख्य नावं. प्रथिनांचा न पचलेला भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू कुजवतात, तेव्हा त्यांचा कच्चा माल तयार होतो. यकृत त्यावर प्रक्रिया करतं आणि किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी बंद पडली की तो रक्तातच फिरत राहतो आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला डिवचत राहतो.

आतड्यात याहून मोठा घोळही चाललेला असतो. सकाळी गोठ्याचं दार उघडलं की नाकाला झोंबणारा वास येतो, तो अमोनियाचा. जनावरांच्या मुतातल्या युरियाचं जिवाणूंनी अमोनियात रूपांतर केलेलं असतं. किडनी थकलेल्या माणसाच्या रक्तात युरिया खूप असतो. तो आतड्यात झिरपतो आणि तिथले जिवाणू त्याचं हेच करतात. आतड्याचं अस्तर म्हणजे शेजारी शेजारी रचलेल्या पेशींची एकेरी भिंत. दगडी वाड्याच्या भिंतीत दोन दगडांमध्ये चुना असतो, तशी या पेशींमध्ये सांधणारी प्रथिनं असतात. अमोनियामुळे हा चुना झिजतो, आणि भिंतीला फटी पडतात. त्या फटींतून जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात उतरतात. या तुकड्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात. जंतू मेलेला असला तरी त्याच्या कवचाचा तुकडा दिसला की राखणदार पेशी बोंब ठोकतात. डुक्कर आलेलं नसतं, नुसता वास आलेला असतो.

अंगात पाणी फार साचलं की आतड्याचं अस्तरही सुजतं आणि फटी आणखी रुंदावतात. दोन डायलिसिसच्या मध्ये चार-चार किलो वजन वाढवू नका, असं डॉक्टर बजावतात ते फक्त धाप लागू नये म्हणून नव्हे.

चटईएवढी परकी भिंत

आता मशीनकडे वळू. डायलायझर म्हणजे फूटभर लांबीची पारदर्शक नळी. तिच्या आत दहा हजारांच्या आसपास पोकळ धागे असतात, प्रत्येकाची भिंत केसापेक्षाही पातळ. धाग्यांच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून डायलिसिसचं द्रावण. सगळे धागे उलगडून पसरले, तर दीड ते दोन चौरस मीटर जागा भरेल, म्हणजे एका माणसाच्या चटईएवढी. चार तास तुमचं रक्त या परक्या चटईवरून वाहत असतं.

पेशींना हे परकेपण कळतं. नेदरलँड्समधल्या विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पहिलं चालणारं डायलिसिस यंत्र बनवलं, तेव्हा चाळणी म्हणून सॉसेजच्या वेष्टनाचा सेलोफेन वापरला होता. पुढे कित्येक वर्षं त्याच जातीचे पडदे वापरात होते. १९६८ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट नोंदली गेली. डायलिसिस सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होत आणि तासाभरात परत येत. त्या जात कुठे? पुढच्या दशकात उलगडा झाला. पडद्याला रक्त लागताच रक्तातली धोक्याची घंटा वाजे, सगळ्या पेशी चिकट होऊन फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत जाऊन अडकत. गावात चोर आल्याची आवई उठावी आणि सगळी माणसं काठ्या घेऊन वेशीवर धावावीत, तसा प्रकार. चोर काही सापडत नाही. पण धावताना हाणामारीची तयारी झालेली असते आणि आपल्याच माणसांना चार तडाखे बसतात.

आजचे पॉलिसल्फोनसारखे कृत्रिम पडदे पुष्कळ शांत आहेत. पांढऱ्या पेशींची ती पळापळ आता फारशी दिसत नाही. तरी परका स्पर्श तो परकाच. आठवड्यातून दोन-तीनदा घंटा थोडी तरी वाजतेच.

जलदूतचं पाणी आणि डायलिसिसचं पाणी

लातूरकरांना पाण्याचं मोल कुणी शिकवायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागली आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली 'जलदूत' लातूरला पोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं.

आता एक हिशेब करू. डायलिसिसच्या मशीनमधून मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रावण वाहतं. चार तासांची २४० मिनिटं, म्हणजे एका रुग्णाला एका खेपेला १२० लिटर. हे पाणी आरओ करून घ्यावं लागतं. आरओमध्ये निम्मं पाणी वाया जातं असं धरलं, तर मूळ पाणी लागलं २४० लिटर. म्हणजे पहिल्या जलदूतचं सगळंच्या सगळं पाणी दोन हजारांच्या आसपास डायलिसिसना पुरलं असतं. एवढ्या तहानलेल्या मुलखात ही चिकित्सा चालते.

पण दाहाशी पाण्याचा काय संबंध? आपण आठवड्याला पंधरा-वीस लिटर पाणी पितो. त्यात थोडी घाण असली तरी जठरातलं आम्ल आणि आतड्याची भिंत आडवी येते. डायलिसिसच्या रुग्णाच्या रक्ताला आठवड्याला २४० ते ३६० लिटर पाणी भिडतं आणि मध्ये असतो केसाहून पातळ पडदा. अख्खा जिवाणू तो ओलांडू शकत नाही. जिवाणूच्या कवचाचे तुकडे मात्र ओलांडू शकतात.

इथे एक गंमत आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारतं. पण ते रक्ताला चालत नाही, तांबड्या पेशी फुटतात. म्हणून डायलिसिसच्या पाण्यातून ते आधी कार्बनच्या टाकीत काढून टाकतात. मग आरओ सगळे क्षार काढतं. उरतं ते अत्यंत स्वच्छ, आणि म्हणूनच अगदी निराधार पाणी. त्यात एखादा जिवाणू शिरला तर त्याला अडवणारं काहीच नाही. रांजण बरेच दिवस घासला नाही तर आत हात फिरवल्यावर जो बुळबुळीत थर लागतो, तसाच थर टाकीत आणि नळ्यांत धरतो आणि त्यातून कवचाचे तुकडे सुटत राहतात. म्हणून नुसतं आरओ बसवून भागत नाही. टाकी आणि नळ्या ठरल्या वेळी निर्जंतुक कराव्या लागतात, पाणी तपासावं लागतं. डायलिसिसच्या पाण्यात एका मिलिलिटरमध्ये शंभराहून कमी जिवाणू-वसाहती असाव्यात, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. 'अतिशुद्ध' द्रावणासाठी तोच आकडा ०.१ इतका खाली येतो. अतिशुद्ध द्रावण वापरलं की सीआरपी उतरतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

पाण्याकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, याचा धडा १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात मिळाला. तोही दुष्काळी मुलूख. डायलिसिस केंद्राला टँकरने जलाशयाचं पाणी येत होतं आणि ते नीट शुद्ध केलेलं नव्हतं. त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष होतं. यकृत निकामी होऊन पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. डायलिसिसच्या जगात त्या घटनेनंतर पाण्याकडे बघण्याची नजर बदलली.

बारीकसारीक ठिणग्या

या मोठ्या वाटांखेरीज लहान वाटाही असतात. रक्त मशीनला जोडण्यासाठी मानेत बसवलेली कॅथेटर नळी ही त्यातली सगळ्यात धोक्याची, कारण बाहेरची हवा आणि हृदयाकडे जाणारं रक्त यांच्यामध्ये ती उघड्या दारासारखी असते. त्याच कामाचा हातातला फिस्टुला म्हणजे आपलीच शीर आपल्याच धमनीला जोडलेली, त्यामुळे परकं काही आत राहत नाही. बोट ठेवल्यावर त्याची थरथर जाणवते. म्हणूनच डॉक्टर फिस्टुला लवकर करून घ्या म्हणून मागे लागतात.

आणखी एक जागा कुणाच्या लक्षातही येत नाही, ती म्हणजे हिरड्या. ब्रश करताना रोज रक्त येत असेल तर तिथे जंतूंचं कायमचं ठाणं आहे असं समजावं. मधुमेह्याच्या तळपायाची न भरणारी जखम, फिस्टुल्याऐवजी बसवलेली पण आता बंद पडलेली जुनी कृत्रिम नळी (ग्राफ्ट), लपून बसलेला क्षय, हीही अशीच ठाणी.

थकलेले गडी

आता माळ्यावरच्या गड्यांकडे पाहू. ते तीन प्रकारचे.

पहिला न्यूट्रोफिल. हा सगळ्यात पुढे धावणारा. जंतूला गिळायचं आणि आत ऑक्सिजनच्या जहाल रेणूंनी जाळायचं, हे त्याचं काम. डायलिसिसच्या रुग्णात तो कारण नसताना थोडे थोडे जहाल रेणू बाहेर सोडत राहतो आणि आपल्याच रक्तवाहिन्या पोळतो. पण खरा जंतू समोर आला की त्याची गिळायची आणि मारायची ताकद कमी भरते. तो मरतोही लवकर. गोफणीतले धोंडे आधीच उधळून बसलेला गडी तो हाच.

दुसरा मोनोसाइट, भक्षक पेशींचा पूर्वज. यांच्यात एक भडक डोक्याची जात असते. निरोगी माणसात ती थोडी असते, डायलिसिसच्या रुग्णात तिचं प्रमाण वाढतं. या पेशी दाहाचे निरोप भरमसाट सोडतात आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसतात. तिथे त्या चरबी गिळून फुगतात आणि धमनीत गाठी तयार होतात. डायलिसिसवरच्या रुग्णांच्या मृत्यूचं पहिलं कारण हृदयविकार आणि दुसरं संसर्ग. एक कारण जागल अति झाल्याचं, दुसरं ती कमी पडल्याचं. दोन्ही एकाच माळ्यावरून येतात.

तिसरी टी-पेशी. ही जुन्या शत्रूंचे चेहरे लक्षात ठेवते आणि नव्या शत्रूशी लढायला शिकते. छातीतल्या थायमस ग्रंथीत तिची शाळा असते. वय वाढेल तशी ही शाळा सगळ्यांचीच ओस पडते, पण किडनी निकामी झालेल्यांची फार लवकर पडते. नवशिक्या टी-पेशी कमी होतात आणि जुन्या, झिजलेल्या, चिडक्या पेशींचा भरणा होतो. २०११ मध्ये रॉटरडॅमच्या संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा अशा रुग्णांच्या टी-पेशी त्यांच्या खऱ्या वयापेक्षा सुमारे वीस ते तीस वर्षांनी म्हाताऱ्या निघाल्या. चाळिशीतला शेतकरी आणि त्याच्या अंगात सत्तरीची पलटण. क्षयाचे जंतू दाबून ठेवणं हे मुख्यतः टी-पेशींचं काम. डायलिसिसच्या रुग्णांना क्षयाचा धोका इतरांपेक्षा कित्येक पट जास्त का असतो, हे यातून कळतं. आणि तो छातीतच होतो असं नाही, मानेच्या गाठीत किंवा पोटातही होतो.

बाकावरच्या तीन प्रश्नांची उत्तरं

पहिला प्रश्न सीआरपीचा. ताप नसताना तो वाढतो, कारण विस्तव वर सांगितलेल्या वाटांनी धुमसत असतो. इथे एक सावधगिरी हवी. किडनी निकामी झालेल्यांच्या अंगाचं तापमान मुळातच थोडं कमी असतं, त्यामुळे मोठा संसर्ग होऊनही ताप कमी चढू शकतो. "ताप नाही म्हणजे काही नाही" हे गणित इथे लागू पडत नाही.

दुसरा प्रश्न रक्ताचा. लोह साठवणाऱ्या भक्षक पेशी म्हणजे शरीराची पेवं. जंतूंनाही वाढायला लोह लागतं. म्हणून दाह सुरू झाला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि पेवाच्या तोंडावर दगड ठेवून देतं, म्हणजे चोराच्या हाती काही लागू नये. चार दिवसांसाठी ही युक्ती उत्तम आहे. दाह कायमचा झाला की दगडही कायमचा बसतो. रक्तवाढीचं इंजेक्शन अस्थिमज्जेला सांगतं, "तांबड्या पेशी बनव." मज्जा म्हणते, "बनवते, पण लोह कुठंय?" रिपोर्टात फेरिटिन भरपूर दिसतं, म्हणजे पेव भरलेलं असतं, आणि हिमोग्लोबिन मात्र आठावर अडकतं. अशा वेळी इंजेक्शनचा डोस वाढवण्याआधी डॉक्टर दाहाचं ठाणं शोधतात ते यासाठी.

तिसरा प्रश्न लशीचा. लस म्हणजे शत्रूचा फोटो. तो पाहून टी-पेशी बी-पेशींना प्रतिपिंडं बनवायला सांगतात. पलटण म्हातारी असेल तर फोटो मोठा करून, अधिक वेळा दाखवावा लागतो. म्हणून हिपॅटायटिस-बी लशीचा प्रौढांचा नेहमीचा २० मायक्रोग्रॅमचा डोस इथे ४० चा होतो आणि तीनऐवजी चार वेळा दिला जातो, साधारणपणे आज, एका महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. तरीही सगळ्यांना ती लागू होत नाही, म्हणून नंतर प्रतिपिंडांची तपासणी करतात. आकडा १० च्या खाली आला तर पुन्हा डोस द्यावा लागतो.

वजन का झडतं, याचंही उत्तर यातच आहे. आयएल-६ भूक मारतं आणि स्नायू झिजवतं. यकृताचं म्हणाल तर ते घरातल्या एकट्या आचाऱ्यासारखं. लढाईचा स्वयंपाक, म्हणजे सीआरपी रांधायला घेतला की घरचा स्वयंपाक, म्हणजे अल्ब्युमिन मागे पडतं.

विझवायचं कसं?

'इम्युनिटी वाढवणारे' काढे आणि पावडरी हा यावरचा उपाय नव्हे. जो गडी आधीच सैरभैर होऊन धोंडे फेकतोय, त्याला आणखी चेव कशाला आणायचा? शिवाय काढ्यात पोटॅशियम किती आहे, हे कुणी मोजलेलं नसतं. उलट, राखणच बंद पाडूनही चालत नाही. आयएल-६ ला अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत. त्यांनी सीआरपी उतरतो. पण जागल उठवली तर डुकरं शिरणार नाहीत ना, हे पाहूनच ती औषधं वापरात येतील. तोवर मार्ग एकच, कारणं एकेक करून दूर करणं.

यातलं बरंचसं केंद्राच्या आणि डॉक्टरांच्या हाती आहे, जसं की पाणी, पडदा, फिस्टुला. पण थोडं घरच्यांच्याही हाती आहे. डायलिसिस सुरू होण्याआधी डॉक्टरांनी प्रथिनं कमी करायला सांगितलेलं असतं. सुरू झाल्यावर गणित उलटतं. आता किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. पुष्कळ घरांत 'किडनीवाल्याला डाळ बंद' हा जुना हुकूम तसाच चालू राहतो आणि माणूस खंगत जातो. अंडं, वरण किती द्यायचं हे आहारतज्ज्ञांना नव्याने विचारा. ज्वारीच्या भाकरीतला कोंडा आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य आहे, आणि तंतुमय पदार्थांनी ते चिवट विषारी रेणू घटतात असं लहान अभ्यासांत दिसलं आहे. भाज्या चिरून, उकळून, पाणी टाकून खाल्ल्या की पोटॅशियम कमी होतं. अर्धापूरच्या केळ्याचा मोह मात्र आवरायला हवा, कारण एका केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तहान आवरायची तर पाण्याआधी मीठ आवरा. लोणचं, पापड, ठेचा ताटात असेल तोवर तहान हटणार नाही.

चौकट : थोडक्यात

- डायलिसिसच्या रुग्णाची रोगप्रतिकारशक्ती एकाच वेळी अति चिडलेली आणि थकलेली असते.
- दाहाच्या मुख्य वाटा : साठलेले विषारी रेणू, आतड्याच्या भिंतीतल्या फटी, मशीनचा पडदा, डायलिसिसचं पाणी, कॅथेटर, हिरड्या, अंगात साचलेलं पाणी.
- परिणाम : हृदयविकार, न वाढणारं हिमोग्लोबिन, झडणारं वजन, लशीला कमी प्रतिसाद, क्षय आणि इतर संसर्ग.
- डायलिसिस चालू असताना थंडी वाजली, हुडहुडी भरली, तर त्याच क्षणी सांगा. घरी जाईपर्यंत थांबू नका.
- हिपॅटायटिस-बीच्या प्रतिपिंडांचा आकडा विचारून फाईलवर लिहून ठेवा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दलही विचारा.
- दोन आठवड्यांहून जास्त खोकला, मानेत गाठ, रोज संध्याकाळची कणकण असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि २०१६ मध्ये जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांमुळे पूर्वी ज्यांना मशीन परवडत नव्हतं असे कितीतरी लोक आज त्यावर जगत आहेत. मशीन मिळालं, हे खरं. पण रक्त साफ होणं आणि दाह विझणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामातला आपला वाटा अगदी साध्या गोष्टीपासून सुरू होतो. पुढच्या खेपेला वजनकाट्यावरून उतरलात की सुई टोचण्याआधी फिस्टुल्याचा हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली, नीट चोळून धुवा. माळ्यावरच्या गड्यांना तेवढीच एक हाळी कमी ऐकू येईल.